करीचा ससा

"ही तुमची," असं म्हणून तात्यांनी, माझ्या सासऱ्यांनी, बंदूक माझ्यापुढे धरली. दोन्ही हातांनी, जेवणाचं ताट धरावं तशी.

मी ती घेतली आणि तिथल्या तिथं कळलं, की हे प्रकरण आपल्या अंदाजाच्या दुप्पट जड आहे. पण सासुरवाडीच्या अंगणात, सासूबाई आणि चार शेजारणी दारातून बघत असताना जावयाला काही जड लागत नसतं. मी बंदूक हातात तोलली, एक डोळा मिटून नळीवरून नजर फिरवली आणि म्हणालो, "हं. बरी आहे."

"जुनी हाय. आमच्या वडलांच्या येळची," तात्या ओशाळल्यासारखे म्हणाले. "तुम्ही सरकारी बंदुका हाताळल्याल्या. ही आपली ठासणीची. बार भरून ठेवलाय. केपा ह्या डबीत हायत, पाच."

"चालेल, चालेल," मी म्हणालो आणि औषधाच्या गोळ्यांची असावी तेवढी ती पत्र्याची डबी सदऱ्याच्या खिशात टाकली.

ही गोष्ट चौसष्ट सालची. लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत. मी साताऱ्याला सरकारी कचेरीत नकाशे काढायचो आणि सासुरवाडी होती दहिवडीच्या पलीकडे, कुरणवाडीला. शंभर उंबऱ्यांचं गाव, चहूकडे माळ, आणि माळाच्या उतरणीला शाळू-हरभऱ्याची रानं. आदल्या दिवशी मला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलं होतं, तिळगूळ खाऊन खाऊन दात आंबले होते, आणि आज होती कर. करीला आमच्या साताऱ्यात माणसं उशिरापर्यंत अंथरुणात लोळत. कुरणवाडीत मात्र त्या दिवशी सगळा गाव सशाच्या शिकारीला जायचा. ससे हरभऱ्याचे शेंडे खाऊन रानंच्या रानं उजाड करायचे, त्यामुळे शिकारीत हौस होती तसा रागही होता. आता कायद्याने हे सगळं बंद झालंय आणि ते योग्यच आहे, पण तेव्हा तसं कुणाच्या मनातही येत नसे.

माझ्या हातात ही बंदूक आली ती माझ्याच जिभेमुळे. लग्न ठरवायला तात्या साताऱ्याला आले होते, तेव्हा बोलता बोलता त्यांनी विचारलं होतं, "शिकारीबिकारीचा नाद?" मी म्हणालो होतो, "कॉलेजात एन.सी.सी.ला होतो. नेमबाजी केलीय." यात खोटं काही नव्हतं. दोन वर्षांत मला एकदा पाच गोळ्या उडवायला मिळाल्या होत्या. चार कुठं गेल्या ते देवाला ठाऊक आणि पाचवी शेजारच्या पोराच्या फळीवर लागली, त्याबद्दल त्याला शाबासकीही मिळाली. पण हे एवढं सगळं कोण सांगत बसतं? तात्यांनी तेवढंच धरलं आणि गावात जाऊन सांगितलं, की आमचा जावई नेमबाज आहे.

खोलीत मी पायात बूट चढवत होतो तेव्हा माझी बायको शालन आत आली. दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "अहो, खरं सांगा. येते ना चालवता?"

"न यायला काय झालं?"

"नाही म्हणजे, माळेचं ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"कसली माळ?"

ती माझ्यासमोर खाली बसली आणि तिने मला ते सांगितलं. करीला ज्याचा बार फुकट जाईल, त्याच्या गळ्यात कांद्या-वांग्यांची माळ घालायची. वेशीपासून मारुतीपर्यंत हलगी लावून त्याला मिरवत न्यायचं. आणि पुढच्या करीला त्याने बंदूक घेऊन चालायचं नाही, हातात काठी घ्यायची आणि हाकाऱ्यांच्या मागून हुर्र हुर्र करत यायचं. यातून कुणी सुटत नाही. एका साली पाटलांच्या गळ्यातही पडली होती.

"आणि तात्या?"

"तात्यांच्या गळ्यात कधीच नाही. एकोणीस वर्षं शिकारीचं पुढारपण त्यांच्याकडंच आहे." हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला, की नवरा म्हणून मला थोडा हेवाच वाटला. मग ती म्हणाली, "तुमच्या गळ्यात पडली ना, तर मला या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. म्हणून म्हणते, येत नसेल तर पोटात दुखतंय म्हणून सांगा. मी ओव्याचं पाणी आणून देते."

आज वाटतं, ते ओव्याचं पाणी प्यायलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण पंचविसाव्या वर्षी बायकोसमोर पोटदुखी कोण काढतो? मी बुटाची नाडी करकचून आवळली आणि म्हणालो, "रस्सा करायची तयारी ठेव."

बाहेर वेशीत पंचवीसएक माणसं जमली होती. चार बंदुका: एक तात्यांची, एक माझी आणि दोन पाटलांच्या घरच्या. बाकीच्यांच्या हातांत काठ्या, पायांशी कुत्री. सगळ्यांच्या पुढं ज्ञानू खरात उभा होता. हा तात्यांच्या बरोबरीचा, मेंढरांमागं आयुष्य घातलेला माणूस. अंगाने पाप्याचं पितर, पण ढेकळांत बसलेला ससा अख्ख्या गावात त्याच्याइतका कुणाला दिसत नसे.

"रामराम, जावई," ज्ञानू म्हणाला. "आज आमास्नी काय तरी बघाय मिळंल म्हनायचं."

"बघू या," मी म्हणालो. ते अशा आवाजात म्हणालो, की दोघातिघांनी आदराने माना हलवल्या.

उन्हं नुकती वर आली होती. हरभऱ्यावर दव होतं आणि चालताना धोतरं-पायजमे गुडघ्यापर्यंत भिजत होते. माळाच्या कडेला आल्यावर तात्यांनी हात वर केला. रांग धरायची ती जागा. इथं बंदुकांना केपा लावायच्या. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे आधी ठासलेले असले तरी नळीच्या बुडाशी बोंडीवर ती एवढीशी तांब्याची टोपी बसवल्याशिवाय बार होत नाही, आणि ती गावात लावायची नाही, रानात आल्यावरच लावायची, हा तात्यांचा नेम. हे सारं मला नंतर कळलं. त्या वेळी मी पाहिलं ते एवढंच, की तात्या पाटलांपाशी गेले, "केप?" असं विचारलं, स्वतः अंगठ्याने घोडा उचलून बघितलं आणि पुढं सरकले. पाटलांच्या भावापाशी गेले, तिथंही तसंच. मग माझ्यासमोर आले. त्यांचा हात अर्धवट उचलला गेला. माझ्याकडं बघून ते जरा घुटमळले.

"तुमास्नी काय सांगायचं," असं म्हणाले आणि हसून डाव्या अंगाला आपल्या जागी गेले.

मीही हसलो. ही आपली मानाची सलामी असावी असं मला वाटलं.

रांग चालू लागली. मागून हाकारे, मध्ये आम्ही, आणि पुढं वाकून वाकून चालणारा ज्ञानू. त्याचं चालणं बघण्यासारखं होतं. तो सशाला शोधत नव्हताच. वारा कुठून येतोय ते बघायचा, ऊन कुठं लागतंय ते बघायचा आणि मग ठरवायचा, की आपण ससा असतो तर कुठं बसलो असतो. अर्ध्या तासाने तो एका नांगरटीच्या कडेला थबकला. मागं वळून न बघता त्याने दोन बोटं खाली केली.

तात्या माझ्याजवळ सरकले. "त्यो बगा," ते कुजबुजले. "नांगराच्या तिसऱ्या तासाला. ढेकळाला डोळा फुटलाय बगा."

मी बघितलं. ढेकळं होती. सगळी सारखी ढेकळं.

"दिसला?"

"दिसला," मी म्हणालो.

"बसल्यावर बार टाकायचा न्हाई. उठू द्या. चढाला पळंल त्यो, पुढचं पाय आखूड असत्यात. जरा पुढं धरा. तुमीच टाका बार. म्या हाय मागं."

ते माझ्या डाव्या हाताला सातआठ पावलांवर जाऊन उभे राहिले. मी घोडा मागं ओढला. ज्ञानूने एक खडा उचलून अलगद फेकला, आणि इतका वेळ मी ज्या ढेकळाकडं डोळे फाडून बघत होतो त्याच्या शेजारचं ढेकूळ एकदम उठून पळालं.

त्यापुढचं मला आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. तपकिरी पाठ. लांब कान. बंदुकीचा दस्ता कुठंतरी काखेत. मी डोळे मिटले आणि चाप ओढला. कानठळ्या बसवणारा आवाज झाला, वाऱ्याने धुराचा लोट तोंडावर आला, ठसका लागला, आणि धूर गेला तेव्हा ससा चढावर कोलांटी खाऊन निपचित पडला होता.

मग तात्यांचा खणखणीत आवाज आला.

"वा, जावईबापू! काय बार टाकलात! आन् माझा गेला मातीत." त्यांनी आपली बंदूक खाली केली आणि सगळ्यांकडं वळून म्हणाले, "दोगांचंबी बार एकदमच झालं. पर ससा त्यांचा. माझा चुकला."

कुणी बोलेना. मी धापा टाकत होतो, त्यामुळे त्या गप्प बसण्याचं मला काही वाटलं नाही. ज्ञानूने तात्यांच्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, "व्हय, व्हय. जावयाचा ससा. तात्याचा चुकला."

"चुकला रं चुकला!" मागून हाकाऱ्यांनी आरोळी दिली आणि सगळा माळ दणाणला. एकोणीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं होतं.

त्या दिवशी आणखी दोन ससे मिळाले, ते पाटलांना. दुपारी वेशीत हलगी आली, कांद्या-वांग्यांची माळ आली. तात्यांनी पागोटं काढून काखेत धरलं आणि मान पुढं केली. मी त्यांच्या शेजारून ससा खांद्यावर टाकून चाललो होतो. दारादारांतून बाया हसत होत्या.

"तात्या, वांगी ताजी हायती का?" एकीने विचारलं.

"जावयाच्या सशात टाकाय आनल्यात!" तात्या म्हणाले. हसण्याचा फवारा उडाला. ते स्वतःही हसत होते, पण मारुतीला नमस्कार करताना वाकले ते लवकर उठले नाहीत. मला वाटलं, पाय अवघडले असतील.

घरी आल्यावर मी काय काय केलं ते सांगायला आजही जीभ रेटत नाही, पण सांगतो. सासूबाईंनी विचारलं, "खांद्याला दनका बसला आसंल?" आणि मला खरंच वाटलं, की खांदा ठणकतोय. "थोडा बसलाय," मी म्हणालो. शालनने हळद गरम करून आणली आणि लेप दिला. लेप देताना ती काही बोलली नाही. तात्या दोनदा येऊन म्हणाले, "बंदूक द्या इकडं, पुसून ठिवतो." दोन्ही वेळा मी म्हणालो, "छे छे, माझी बंदूक मीच पुसणार," आणि ती आमच्या खोलीतल्या खुंटीला अडकवली. जावयाच्या खोलीत शिरून बंदूक काढून आणणं तात्यांना जमण्यासारखं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "बरं. पर केप लावू नका हां तिला. आन् डबी जपा."

आणि जेवताना, सशाचा रस्सा ओरपत, पंगतीला गावचे चार जण असताना मी म्हणालो, "तात्या, एकदा साताऱ्याला या. माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे, चष्मा करून देतो."

पंगत हसली. जरा उशिरा हसली. "येतो की," तात्या म्हणाले. "डोळं आता पयल्यासारकं न्हाईत खरं." आणि त्यांनी आपल्या हाताने माझ्या ताटात आणखी एक फोड वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीने आम्हाला निघायचं होतं. तात्या सकाळीच रानात गेले होते. मी न्याहारी करून बंदूक अंगणात आणली, सासूबाईंकडून चिंध्या आणि तेल मागून घेतलं आणि पितळी टोकाचा गज नळीत सारला. ओसरीवर ज्ञानू चहा पीत बसला होता. तो कप खाली ठेवून लगबगीने उठला.

"जावई, ऱ्हाऊ द्या. तात्या आल्यावर धुतील."

"अहो, त्यात काय?" मी म्हणालो आणि गज खाली दाबला. तो नळीत पुरता उतरायला हवा होता. मूठभर वर राहिला. मी पुन्हा दाबला. खाली काहीतरी घट्ट बसलेलं होतं.

"अडकलंय काहीतरी," मी म्हणालो.

मी ज्ञानूकडं बघितलं, तर तो अंगणातल्या कोंबडीकडं बघत होता. मी गज काढला, बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि उगाचच खिशातली डबी काढून उघडली. आत केपा होत्या. मी त्या तळहातावर ओतल्या. पाच. चकचकीत, कोऱ्या, पाचच्या पाच.

काल रांग धरताना तात्या प्रत्येकाला 'केप?' असं का विचारत होते, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं.

"ज्ञानूबा," मी म्हणालो, "काल माझा बार झाला का?"

"आता हे इचारून काय उपेग?"

"झाला का?"

"बार एकच झाला, जावई."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मला?" ज्ञानू पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघून बोलला. "पंचवीस मानसं हुती तिथं. त्यात आमचा गनपा तेवढा ठार बहिरा. त्यालाबी धूर एकच दिसला."

मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. ती हलगी, तो खांद्यावरचा ससा, तो चष्मा. सगळ्या गावाने आपल्या कानांनी एकच बार ऐकला होता आणि तरी मला मिरवलं होतं, तात्यांना मिरवलं होतं.

"मग कुणी बोललं का नाही?"

"तात्या बोलला न्हवं, दोन बार झालं म्हनून? मग दोनच. त्याच्या पोरीचा नवरा म्हंजी गावाचा जावई. आमी कशाला तोंड उगडू?" त्याने कप उचलला आणि पुन्हा ठेवला. "तात्याला पुढल्या करीला काठी घ्यावी लागंल, तेवढं मनाला लागतंय बगा. त्याच्याबिगर रांग चालल्याली म्या बगितली न्हाई."

मी उठलो. "मी मारुतीला जातो. सगळ्यांना सांगतो."

"आन् तात्याला लबाड ठरिवता?" ज्ञानूचा आवाज चढला. "चुकला म्हनवून घेतलं त्यानं, त्ये चालतंय. लबाड म्हनवून न्हाई घ्यायचा."

गप्प बसावं तर एका सरळ माणसाचा एकोणीस वर्षांचा मान माझ्यामुळे गेलेला, बोलावं तर तोच चारचौघांत खोटा पडायचा. इतक्यात मागून शालनचा आवाज आला. ती चौकटीला टेकून उभी होती. किती वेळ होती कोण जाणे.

"गावाला सांगण्यासारखं काही उरलंच नाहीये," ती म्हणाली. "तात्यांना सांगा."

"तुलाही माहीत होतं?"

"खांद्यावर वळ नव्हता," ती म्हणाली. "मी लहानपणापासून तात्यांच्या खांद्याला हळद लावलीय."

मी केपा डबीत टाकल्या, बंदूक उचलली आणि रानाची वाट धरली. ज्ञानू मागून आला, शालनही आली. मारुतीपुढं उन्हाला बसलेली माणसं आम्हाला बघून बोलायची थांबली. मी मान खाली घालून पुढं गेलो.

तात्या हरभऱ्याच्या कडेला कुंपणात बाभळीच्या फांद्या रोवत होते. मला बघताच हातातली कुऱ्हाड ठेवून उभे राहिले आणि हात धोतराला पुसले.

"या, जावईबापू. उनाचं कशाला आलात?"

मी बंदूक त्यांच्या पायाशी मातीत ठेवली. वाटेत मी चांगली पाचसात वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"तात्या, माझा बार झालाच नाही. केप लावायची असते हे मला ठाऊक नव्हतं. मला बंदूक चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. मी थाप मारली होती."

तात्यांनी ज्ञानूकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, मग खाली बसले आणि बंदुकीवरची माती हाताने झाडली.

"तुम्ही ती माळ का घातलीत गळ्यात?" मी विचारलं. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाटी बोललो त्ये खोटं. दोन बार झालं म्हनालो, त्ये तुमची लाज राकायला. त्याचं पाप म्या मारुतीला सांगितलंय." त्यांनी बोंडीवरची माती फुंकली. "पर माळ तुमच्यासाटी न्हाई घातली."

"मग?"

"माळ माझीच हुती. एकुनीस वर्सं म्या परतेक बंदुकीची केप बगतो. पाटील आसू दे न्हाईतर कुनी आसू दे. काल तुमच्याम्होरं आलो आन् हात मागं घितला. म्हनलं, जावयाला कसं इचारायचं? त्यास्नी काय वाटंल? मानाला भ्यालो म्या." त्यांनी घोड्यावर अंगठा ठेवला. "भरल्याली बंदूक, कोरा मानूस, आन् रांगंत पंचवीस जनं. तुमी केप लावली आसती आन् डोळं झाकून बार टाकला आसता, तर आज ज्ञानूच्या घरात रडारड आसती. ज्यानं बगायचं त्येनंच बगितलं न्हाई, त्यो पुढं चालाया लायक न्हाई. ससा मेला काय आन् जगला काय. म्या चुकलोच की."

ज्ञानू दुसरीकडं तोंड करून उपरण्याने नाक पुसू लागला. मी तात्यांकडं बघत राहिलो. इतकी वर्षं झाली, मोठमोठे साहेब बघितले, पुढारी बघितले. आपली चूक इतक्या सरळ मोजणारा आणि ती कुणी न सांगता भोगणारा माणूस मला त्यानंतर दिसला नाही. त्या क्षणी मात्र मला एवढंच कळलं, की याच्यापुढं खोटं बोलायचं नाही. आयुष्यात नाही.

"तात्या, मला शिकवा," मी म्हणालो.

ते उठले. "आदी ह्यो बार मोकळा करा. भरल्याली बंदूक परत घरात न्हेयाची न्हाई. डबीतनं केप काढा. हां, त्या बोंडीवर बसवा. दाबून. आता त्या बांधाच्या मातीत धरा."

मी केप लावली. बंदूक उचलली, घोडा ओढला, आणि डोळे न मिटता चाप दाबला.

खरा दणका काय असतो ते मला तेव्हा समजलं. बंदुकीने मला असं उचलून मागं फेकलं, की मी थेट तात्यांनी रचलेल्या बाभळीच्या फांद्यांवर जाऊन बसलो. धूर, काटे आणि माझी किंकाळी असं सगळं एकदमच झालं. आजूबाजूच्या रानांतली माणसं ताठ उभी राहून बघू लागली. ज्ञानू पोट धरून खाली बसला. शालनने तोंडात पदर कोंबला, पण तिला काही ते हसू आवरेना.

आणि तात्या माझ्या अंगावर धावून आले.

"आरं गाडवा!" ते ओरडले. "दस्ता काकंत धरत्यात व्हय? खांद्याला! खांद्याला घट्ट लावायचा! आन् पाय आसं जोडून हुबा ऱ्हायलास, नवरीवानी! एवडं कालेज शिकलास, तितं काय हजामती केल्यास?"

लग्न झाल्यापासून त्या घरात मला कुणी अरेतुरे केलं नव्हतं. माझ्या पाठीत बाभळीचे पाचपंचवीस काटे होते, खांदा निखळल्यासारखा झाला होता, आणि मी दात काढून हसत होतो. तात्यांनी दंडाला धरून मला उठवलं, पाठीतले मोठे काटे चिमटीने उपटले, मग कमरेच्या पिशवीतून दारूचं शिंग काढून माझ्या हातात कोंबलं.

"पयली दारू. मग चिंधी. मग छर्रा. वर परत चिंधी. गजानं ठासायचं, पर दांडगाई न्हाई करायची. चल, भर."

मी भरू लागलो. निम्मी दारू बाहेर सांडत होती. तात्या डोक्याशी उभे राहून बघत होते. ते जराही गप्प बसत नव्हते.

"तात्या," शालन म्हणाली, "आम्हाला दुपारची मोटार आहे."

"मोटार उद्याबी आसती," तात्या तिच्याकडं न बघता म्हणाले. मग त्यांनी माझ्या हातातली बंदूक घेतली, उलटी करून मी भरलेली दारू भसकन मातीत ओतली आणि ती परत माझ्या हातात दिली. "आसं न्हवं. परत भर. पयल्यापासनं."